डोक्यावर हेलिकॉप्टर फिरतंय, काय झालं असेल?



मागच्या महिन्यात एका रात्री पावणेदोन वाजता आमचा फोन वाजला. आमच्या वयात रात्रीचा फोन म्हणजे छातीत धस्स होतं. पलीकडे आपल्यातल्याच एक बाई होत्या, आमच्यापासून चार ब्लॉकवर राहणाऱ्या. घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "झोपमोड केली, माफ करा हं. पण डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय. वीस मिनिटं झाली. तुम्हाला त्यातलं कळतं ना? काय झालंय हो?"

असे फोन आम्हाला गेली पंधराएक वर्षं येतात. आपल्या मंडळींत आमची ओळखच 'हेलिकॉप्टरवाले' अशी झाली आहे. आम्ही म्हणजे न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला सहाव्या मजल्यावर राहणारी दोन म्हातारी माणसं. एक जन्मभर हॉस्पिटलात नर्स, आणि दुसरे, म्हणजे आमचे हे, टेलिफोनच्या तारा जोडता जोडता रिटायर झालेले. लोक निवृत्तीनंतर बागकाम करतात, पत्ते खेळतात. आम्ही पोलिसांचं हेलिकॉप्टर कुठे चाललंय ते बघतो आणि ऐकतो. संपादकांनी "या वेडाविषयी लिहा" असं दोनतीनदा सांगितलं, पण आम्ही टाळत होतो. टाळायला कारण होतं. तेही पुढे सांगणार आहोत, पण मुलांसाठी आधी पहिल्यापासून.

मुलांनो, तुमच्या आजी-आजोबांच्या लहानपणी मुंबईत रेडिओ ठेवायचा तर लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन दर वर्षी पैसे भरायचे आणि पुस्तकावर नोंद करून आणायची. खोटं वाटत असेल तर आजोबांना विचारा. आमच्या माझगावच्या चाळीत एका बिऱ्हाडात रेडिओ होता. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागली की सगळा मजला त्यांच्या दारात. तेव्हापासून एक सवय लागली, की डब्यातून आवाज आला की कान टवकारायचे. इकडे आलो, नोकऱ्या लागल्या, मुलं झाली, तरी ती सवय गेली नाही.

१९९० च्या सुमारास यांनी रेडिओ शॅकच्या दुकानातून एक स्कॅनर आणला. स्कॅनर हाही रेडिओच, पण गाणी लावणारा नव्हे. तो एका फ्रीक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारत जातो. जिथं कुणी बोलत असेल तिथं थांबतो, बोलणं संपलं की पुन्हा उड्या. आमचा स्कॅनर फ्रिजवर असायचा आणि पोळ्या लाटताना चालू असायचा. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की बंद, तो शनिवारी रात्री पुन्हा चालू. सुरुवातीला एक अक्षर समजत नसे. नुसती खरखर आणि भरभर बोलणारी माणसं. मग हळूहळू आकड्यांची भाषा उमगली. दहा-चार म्हणजे समजलं. दहा-तेरा म्हणजे पोलीस शिपाई संकटात आहे, धावा. हा आकडा आला की बोलणाऱ्यांचा सूरच बदलायचा. दहा-चोपन्न म्हणजे ॲम्ब्युलन्सची केस. आजारी किंवा जखमी माणसाला इथले पोलीस 'एडेड' म्हणतात, तेही तेव्हाच कळलं. नर्सच्या कानाला दहा-चोपन्न लगेच ऐकू यायचं, हातातलं लाटणं थांबायचं. यांचं लक्ष मात्र विमानांकडे.

हे सगळं कायद्यात बसतं का, असं पुष्कळजण विचारतात. न्यूयॉर्कमध्ये घरी बसून ऐकायला हरकत नाही. मोटारीत पोलिसांच्या फ्रीक्वेन्सीचा रेडिओ बसवायचा तर मात्र परवाना लागतो, तसा राज्याचा वाहतुकीचा कायदाच आहे. आणि लंडनला आपले जे नातेवाईक आहेत त्यांनी आमचं बघून स्कॅनर घेऊन पोलिसांचं ऐकत बसू नये. तिकडे २००६ च्या वायरलेस कायद्याप्रमाणे जे बोलणं आपल्यासाठी नाही ते परवानगीशिवाय ऐकणं हाच गुन्हा आहे.

आता हेलिकॉप्टरबद्दल. न्यूयॉर्क पोलिसांचं विमानदळ १९२९ मध्ये सुरू झालं. तेव्हा अर्थातच विमानं होती, हेलिकॉप्टर १९४८ साली आलं. हल्ली मुख्यत्वे बेल ४२९ जातीची हेलिकॉप्टरं दिसतात. दोन इंजिनं, ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेग. त्यांचं घर आहे ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला, जमैका बेच्या काठी, फ्लॉइड बेनेट फील्डवर. तिथून आमच्या डोक्यावर यायला त्याला पाचसात मिनिटं पुरतात. आम्हाला बसने जायला दोन तास लागतात!

हे फ्लॉइड बेनेट फील्ड बघण्यासारखं आहे. न्यूयॉर्क शहराचा हा पहिला म्युनिसिपालिटीचा विमानतळ, १९३१ साली उघडला. आता तिथं राष्ट्रीय उद्यान आहे, पण जुन्या धावपट्ट्या अजून दिसतात. वायली पोस्ट हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला वैमानिक १९३३ मध्ये इथूनच निघाला आणि इथंच परत उतरला. १९३८ मध्ये डग्लस कॉरिगन नावाच्या माणसाला अटलांटिक पार करायची परवानगी सरकारने नाकारली होती. तो इथून कॅलिफोर्नियाला जातो म्हणून निघाला आणि दुसऱ्या दिवशी आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ उतरला. वर सांगतो काय, तर होकायंत्र चुकीचं वाचलं! लोकांनी त्याला शिक्षा करा म्हणण्याऐवजी डोक्यावर घेतलं. आमच्या नातवाची ही आवडती गोष्ट आहे. गृहपाठ चुकला की तोही होकायंत्रावर ढकलतो.

ज्या फ्लॉइड बेनेटचं नाव या जागेला दिलं तो वैमानिक १९२८ च्या एप्रिलमध्ये न्यूमोनियाने गेला. अडकून पडलेल्या दुसऱ्या वैमानिकांना सोडवायला तापात निघाला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात पेनिसिलिनचा शोध लागला. औषध म्हणून हातात यायला आणखी बरीच वर्षं गेली म्हणा, तरी नर्सच्या मनात अशी तारखांची गाठ पडतेच.

आमचं लक्ष पोलिसांच्या हेलिकॉप्टरकडे वळलं ते १५ जानेवारी २००९ रोजी. कडाक्याची थंडी होती. दुपारी हे नेहमीप्रमाणे लाग्वार्डिया विमानतळाच्या टॉवरची फ्रीक्वेन्सी, ११८.७, लावून बसले होते. साडेतीनच्या सुमाराला उड्डाणं थांबवल्याचं कानावर आलं. का ते कळेना. मग टीव्हीवर दिसलं: लाग्वार्डियाहून निघालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी गेले, आणि वैमानिकाने ते काही मिनिटांत हडसन नदीवर उतरवलं. पंखांवर माणसं उभी. आत एकूण १५५ जण. नदीतल्या फेरीबोटी पहिल्यांदा पोचल्या. मग पोलिसांचं हेलिकॉप्टर आलं आणि त्यातून पाणबुडे त्या बर्फासारख्या पाण्यात सरळ उडी टाकून उतरले, एका बाईला बाहेर काढलं. १५५ च्या १५५ माणसं वाचली. इतक्या थंड पाण्यात माणसाचे हातपाय काही मिनिटांतच काम करेनासे होतात, दोरी दिली तरी धरता येत नाही. त्या उडीची किंमत हॉस्पिटलात काम केलेल्याला जास्त कळते. त्या दिवसापासून आमच्या घरी हेलिकॉप्टरचा आवाज आला की खिडकी उघडायची पद्धत पडली.

ऐकण्याचं महत्त्व त्याआधीही एकदा समजलं होतं, पण वेगळ्या तऱ्हेने. ११ सप्टेंबर २००१ ला आम्ही ड्यूटीवर होतो. स्ट्रेचर ओळीने लावून, सलाइन टांगून दारात उभे राहिलो आणि जखमी येतील म्हणून वाट पाहत राहिलो. फार थोडे आले. नंतर चौकशीत बाहेर आलं, की पहिला टॉवर पडल्यावर वर उडणाऱ्या पोलीस हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना दुसराही टिकणार नाही असं दिसलं होतं आणि त्यांनी तसं रेडिओवर सांगितलंही होतं. पण अग्निशामक दलाचा रेडिओ वेगळा. आत जिने चढणाऱ्यांपैकी पुष्कळांपर्यंत ते पोचलंच नाही. ज्याने पाहिलं त्याने सांगितलं, पण ज्याने ऐकायला हवं त्याच्या कानावर गेलं नाही. याविषयी आम्ही घरात फारसं बोलत नाही.

असो. आता पाठलागाची गंमत सांगतो. पाठलाग म्हणजे बसल्या जागेवरून बरं का.

मुलांनो, तुमची शाळेत हजेरी होते ना? नाव घेतलं की "हजर" म्हणता. आजकालची विमानं न विचारताच हजेरी देतात, आणि तीही सेकंदाला साधारण दोनदा. "मी अमुक, इतक्या उंचीवर, या ठिकाणी, इतक्या वेगाने चाललोय." हे १०९० मेगाहर्ट्झवर ओरडलं जातं आणि कुणालाही ऐकता येतं. न्यूयॉर्कसारख्या मोठ्या विमानतळांच्या आसपास उडणाऱ्या बहुतेक सगळ्या विमानांना १ जानेवारी २०२० पासून अशी हजेरी देणं सक्तीचं झालं. पोलिसांना गुप्त कामगिरीवर असताना गप्प राहायची सवलत आहे, पण रोजच्या कामात ते सहसा दिसतात.

ऐकायला लागतं काय? अंगठ्याएवढं एक टीव्ही ट्यूनरचं यंत्र कॉम्प्युटरला लावायचं. ते बनवलं होतं टीव्ही बघण्यासाठी, पण २०१२ च्या सुमारास हौशी लोकांच्या लक्षात आलं, की यातून इतरही पुष्कळ फ्रीक्वेन्सी पकडता येतात. अँटेना आमच्या नातवाने तांब्याच्या तारेचा केला. तारेची लांबी सात सेंटिमीटरला थोडी कमी, कारण १०९० मेगाहर्ट्झच्या लाटेचा चौथा भाग तेवढाच भरतो. यांनी फूटपट्टीने तीन वेळा मोजला. तो खिडकीत शेवंतीच्या कुंडीजवळ उभा केला आणि संध्याकाळी टॅब्लेटवर विमानं सरकायला लागली, तेव्हा पंच्याहत्तरीचे हे टाळ्या पिटत होते.

रेडिओच्या या लाटा सरळ रेषेत जातात. मध्ये बिल्डिंग आली की संपलं. हेलिकॉप्टर खाली आलं की टिंब नाहीसं होतं, वर आलं की पुन्हा दिसतं. अमेरिकेतल्या विमानांचा नंबर 'एन' पासून सुरू होतो, आणि न्यूयॉर्क पोलिसांच्या हेलिकॉप्टरांच्या नंबराच्या शेवटी 'पीडी' असतं. पण नंबर दिसायच्या आधी चालीवरूनच ओळखावं. सरळ रेषेत येऊन सरळ परत गेलं तर बहुधा पेशंट नेणारं. उंचावर एका जागी थबकलेलं बहुधा टीव्हीच्या बातमीवाल्यांचं. आणि गोल गोल फिरणारं पोलिसांचं. पडद्यावर त्याची वाट सोऱ्यातून चकली पडावी तशी उमटते. एका जागी थांबायला इंजिनाला जास्त जोर लागतो, आणि पुढे चालत असताना इंजिन बंद पडलं तर सुखरूप उतरायची संधी जास्त असते, म्हणून ते घारीसारखं घिरट्या घालतं. कॅमेरा मात्र सगळा वेळ एकाच ठिकाणावर रोखलेला.

तर असं आमचं चाललं होतं. एका कानाला टॉवर, दुसऱ्या कानाला पोलीस, समोर टॅब्लेट. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये मात्र स्कॅनर बंद करावा लागला. आकाश रिकामं होतं आणि पोलिसांच्या चॅनेलवर एकामागून एक दहा-चोपन्न, दहा-चोपन्न. पत्ते ओळखीचे. रिटायर झालेल्या नर्सने सहाव्या मजल्यावर बसून ते ऐकायचं आणि काही करायचं नाही, हे आम्हाला झेपलं नाही. दोन महिने तो फ्रिजवर कापडाखाली झाकून ठेवला.

आता ती गोष्ट, ज्यासाठी लिहायला टाळत होतो.

२०२१ चा नोव्हेंबर महिना. गुरुवारची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले, बाहेर काळोख. स्कॅनरवर वर्णन आलं: एक वृद्ध गृहस्थ, वय ब्याऐंशी, दुपारपासून घरी नाहीत, तपकिरी कोट, करडी टोपी, स्मरणशक्ती कमी झालेली. रस्त्याचं नाव सांगितलं आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या रस्त्यावर आपल्या मंडळींपैकी एकच घर. आपण त्यांना नुसतं नाना म्हणू. ते आपल्यात फार लाडके होते, पोरांना खिशातून लिमलेटच्या गोळ्या द्यायचे.

टॅब्लेटवर हेलिकॉप्टर ब्रुकलिनहून निघालेलं दिसलं. ते आलं ते थेट फ्लशिंग मेडोजच्या बागेवर, आणि तिथल्या मेडो लेकवर गोल फिरू लागलं. एक फेरी, दोन, पाच. तळ्याचा एक काठ सोडून हलेचना. आम्हाला काय वाटलं ते तुम्हाला सांगायला नको.

मग आम्ही फोन केला. एकच, एका मैत्रिणीला. म्हटलं, "नाना हरवलेत, हेलिकॉप्टर तळ्यावर शोधतंय, प्रार्थना कर." तिने दोघींना केला. त्या दोघींनी आणखी चौघींना. आपल्याकडे बातमी कशी फिरते ते ठाऊकच आहे. पाऊण तासात ती न्यू जर्सीला नानांच्या मुलीपर्यंत पोचली, आणि पोचेपर्यंत 'तळ्यावर शोधतंय' याचं 'तळ्यात सापडले' झालं होतं. ती बिचारी तेव्हा गाडी चालवत इकडेच येत होती. तिला रस्त्याच्या कडेला गाडी थांबवावी लागली, हात थरथरत होते. एका फोनवर तर कुणीतरी तिला दफन केव्हा ते विचारलं.

आणि नाना? नाना सहा गल्ल्या पलीकडे एका लाँड्रोमॅटमध्ये कपडे वाळवायच्या मशीनशेजारी उबेला बसले होते. कुणाचे तरी टॉवेल घड्या घालून नीट रचून ठेवले होते. आठ वाजता तिथल्या बाईच्या लक्षात आलं, की या आजोबांचे कपडे काही निघत नाहीत, आणि तिने पोलिसांना बोलावलं.

हेलिकॉप्टरचं काही चुकलं नव्हतं. त्याचा कॅमेरा उष्णता बघतो. थंड गवतावर पडलेलं माणूस त्याला निखाऱ्यासारखं दिसतं. पण छपरातून, भिंतीतून, काचेतून त्याला आतलं माणूस दिसत नाही. (घराकडे असा कॅमेरा रोखायचा तर पोलिसांना कोर्टाची परवानगी लागते, असं इथल्या सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये ठरवून दिलं आहे.) जिथं वरून दिसू शकतं, म्हणजे बाग, तळ्याचा काठ, मोकळी जागा, तिथं ते शोधत होतं. गल्ल्या आणि दुकानं शोधायची ती पायी चालणाऱ्यांनी. हेलिकॉप्टर तळ्यावर होतं याचा अर्थ एवढाच, की ते तळ्यावर होतं. बाकीचं सगळं आम्ही जोडलं.

हॉस्पिटलात पहिल्या वर्षी आम्हाला शिकवलं होतं, की पेशंटची बातमी नातेवाईकांना डॉक्टर सांगणार, लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, जिन्यात एक शब्द बोलायचा नाही. अडतीस वर्षं नोकरी केली, एकदाही नियम मोडला नाही. आणि घरी, पायात सपाता घालून, चहाचा कप हातात असताना मोडला.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. दार उघडलं. आम्ही माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मावशी, तुम्ही नर्स ना?"

पुढे दोन वर्षं ती आमच्याशी बोलली नाही. २०२३ च्या शेवटी नाना त्यांच्या अंथरुणात, सगळी माणसं भोवती असताना गेले. आम्ही बसायला गेलो तेव्हा तिने सरकून जागा दिली, शेजारी बसवून घेतलं. त्या गोष्टीचं नाव तिने काढलं नाही, आम्हीही नाही. हा लेख छापायच्या आधी तिला वाचून दाखवला आहे. ती म्हणाली, छापा.

त्याच वर्षी आमचं ऐकणंही संपत आलं. जुलै २०२३ पासून न्यूयॉर्क पोलिसांनी आपले रेडिओ गुप्त करायला घेतले. ब्रुकलिनच्या काही ठाण्यांपासून सुरुवात झाली, मग एकेक करत आमच्याकडचे चॅनेलही गेले. नव्या यंत्रणेचा खर्च ३९ कोटी डॉलर सांगितला गेला. १९३२ पासून हे बोलणं ज्याला ऐकायचं त्याला ऐकता येत होतं. बातमीदार रागावले, स्वयंसेवी ॲम्ब्युलन्सवाले काळजीत पडले, कारण त्यांची धावपळ याच्यावरच चाले. पोलिसांचं म्हणणं, की चोरही ऐकतात, कुणीतरी मध्येच घुसून खोटं बोलतं, आणि ज्यांच्यावर संकट आलं त्यांची नावं-पत्ते जगाला कशाला? आमच्या घरात यावर एकमत नाही. हे म्हणतात, "पोलीस काय करतात ते लोकांना ऐकू आलंच पाहिजे, त्यांना पगार आपण देतो." पलीकडच्या खुर्चीतलं माणूस तेही मानतं, पण त्याला रस्त्याच्या कडेला थांबलेली ती गाडी आठवते. दहा-चोपन्नचे पत्ते झाकले गेले याचं वाईट वाटत नाही. दहा-तेराचं वाटतं.

विमानांचा रेडिओ मात्र अजून उघडा आहे, साध्या जुन्या पद्धतीचा. तेव्हा आता अर्धं संभाषण ऐकू येतं. वैमानिक टॉवरला सांगतो, अमुक ठिकाणी, इतक्या फुटांवर थोडा वेळ काम आहे. टॉवर म्हणतो, ठीक, खाली येणाऱ्या विमानांच्या वाटेत येऊ नका. कुठे ते कळतं, किती उंचीवर ते कळतं. का ते कळत नाही.

तर त्या रात्री पावणेदोनला त्या बाईंचा फोन आला तेव्हा टॅब्लेट उशाशीच होता. आम्ही चष्मा शोधला, बघितलं. म्हटलं, "हो, आहे तुमच्या डोक्यावर. पोलिसांचं आहे. नऊशे फुटांवर. तुमच्या मागच्या रेल्वेलाइनच्या बाजूने फिरतंय."

"पण काय झालंय?"

"ते ठाऊक नाही."

"चोर असेल का हो? का कुणी हरवलंय?"

"खरंच ठाऊक नाही. दाराला कडी घातली आहे ना? मग ठीक."

त्या जरा नाराज झाल्या. हेलिकॉप्टरवाल्यांकडून एवढंच उत्तर मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. फोन ठेवेनात, म्हणून आम्हीही ठेवला नाही. त्यांच्या मुलाविषयी बोललो, गुडघ्याविषयी बोललो, त्यांनी बोंबलाचं लोणचं कुठं मिळतं ते सांगितलं. दोन वाजून दहा मिनिटांनी चकलीचा वेढा सुटला, टिंब दक्षिणेकडे वळलं आणि जमैका बेकडे निघालं.

"गेलं बघा," आम्ही म्हटलं. "आता झोपा."